विश्लेषण : मागच्या चाकांवर चालणारी ई-मोटार बर्फात नेमकी कधी घसरते?

मागच्या चाकांना ताकद मिळणारी गाडी बर्फात नेऊ नये, हा थंड देशांतल्या चालकांनी अनेक दशके गिरवलेला धडा. तरीही हिवाळ्यात बर्फाखाली जाणाऱ्या नॉर्वे आणि स्वीडनच्या रस्त्यांवर आज अशा विजेवरच्या मोटारी सर्रास धावतात. इकडे पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्राच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या ई-मोटारीही मागच्या चाकांवरच चालतात. त्यामुळे हिवाळ्यात स्वतःच्या गाडीने मनाली किंवा लाहौल गाठण्याचा बेत आखणाऱ्यांसाठी हा प्रश्न परका राहिलेला नाही. जुना धडा आता चुकीचा ठरला आहे का, आणि धोका गेला नसेल तर तो आता कुठे आहे?

जुना समज आला कुठून?

ज्यांनी ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालवली आहे, त्यांना पावसाळ्यातल्या चिखलात मागची चाके जागच्या जागी फिरत राहण्याचा अनुभव असेल. या गाड्यांत जड इंजिन पुढे असायचे आणि ताकद मात्र लांब शाफ्टमधून मागच्या चाकांना मिळायची. गाडीत चालक एकटा असला आणि डिकी रिकामी असली की मागचा भाग हलका व्हायचा. ज्या चाकांनी गाडी ढकलायची, त्यांच्यावरच वजन कमी. बर्फात तर ही चाके लगेच घसरायची. म्हणून अमेरिकेत आणि कॅनडात हिवाळा आला की पिकअपच्या मागच्या बाजूला वाळूची पोती टाकण्याची पद्धत पडली.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि ताकद मिळणारी चाके एकाच ठिकाणी आली. स्वीडनच्या साबने १९४९ मध्ये आणलेली ‘साब ९२’ ही तिची पहिली मोटारच पुढच्या चाकांवर चालणारी होती. पुढे छोट्या मोटारींत हीच रचना रूढ झाली. भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नेही तीच वाट धरली.

मात्र या इतिहासात एक अपवाद आहे आणि तोच आजच्या ई-मोटारींना जास्त जवळचा आहे. फोक्सवॅगनची ‘बीटल’ही मागच्या चाकांवर चालायची, पण तिचे इंजिनही मागेच होते. बर्फात ती चांगली चालते अशी तिची ख्याती होती. कंपनीने साठच्या दशकात बर्फातून वाट काढणाऱ्या बीटलची जाहिरातही केली आणि ती गाजली. म्हणजे दोष ‘मागच्या चाकांचा’ नव्हता, त्यांच्यावरच्या अपुऱ्या वजनाचा होता.

ई-मोटारीत काय बदलले?

ई-मोटारीत सर्वांत जड वस्तू बॅटरी. ती दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे, फरशीखाली पसरलेली असते. मोटर मागच्या अ‍ॅक्सलवर बसवली की एकूण वजनापैकी निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त वजन मागच्या चाकांवर येते. पुढे इंजिन नसल्याने चाके जास्त कोनात वळवता येतात, गाडी कमी जागेत वळते. व्होल्वोने १९९८ नंतर मागच्या चाकांवरची मोटार बनवणे बंद केले होते. त्याच व्होल्वोने २०२३ मध्ये ‘एक्ससी ४०’ आणि ‘सी ४०’ या ई-मोटारींच्या एका मोटरच्या आवृत्त्या पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर नेल्या. बर्फाळ देशातल्या आणि सुरक्षिततेच्या नावावर विकणाऱ्या कंपनीने हे करावे, यातच बरेच काही आले.

दुसरा बदल नियंत्रणाचा. चाक घसरू लागले की पेट्रोल इंजिनची ताकद कमी व्हायला थोडा वेळ जातो. त्यात हवा, इंधन, फिरणारे जड भाग असा सगळा कारभार असतो. विजेच्या मोटरचा टॉर्क मात्र काही मिलिसेकंदांत कमी-जास्त करता येतो. चाक सुटण्याआधीच संगणक त्याला आवरतो. त्यामुळे सिग्नलवरून निघताना गाडीचा मागचा भाग आडवा जाण्याचा जुना प्रकार आता फारसा दिसत नाही.

आकड्यांत बघू. गाडीचे वजन १,८०० किलो धरले आणि त्यातले ९४० किलो मागे आहे असे मानले, तर दाबून बसलेल्या बर्फावर, जिथे घर्षणाचा गुणांक साधारण ०.२ असतो, मागची चाके जास्तीत जास्त १८८ किलोंइतका रेटा देऊ शकतात. दर १०० मीटरला १० मीटर चढणाऱ्या घाटात गाडीला मागे ओढणारे बल १८० किलोंचे असते. म्हणजे गाडी तेवढा चढ जेमतेम चढेल. चांगल्या हिवाळी टायरमुळे गुणांक ०.३ झाला, तर तीच गाडी १५ मीटरचा चढ चढते. थंडीने कडक झालेल्या उन्हाळी टायरमुळे तो ०.१५ वर आला, तर ८ मीटरच्या चढावरच चाके फिरू लागतात. गाडी तीच, मोटर तीच. फरक फक्त रबराचा.

मग धोका कुठे आहे?

धोका ॲक्सिलरेटर दाबण्यात कमी आणि सोडण्यात जास्त आहे. पेट्रोल गाडीवरून ई-मोटारीवर आलेल्या चालकाच्या हे सहसा लक्षात येत नाही, कारण कोरड्या रस्त्यावर ते कधी जाणवतच नाही.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ई-मोटारीची मोटर जनित्रासारखी काम करू लागते. चाकांची गती विजेत बदलते, बॅटरीत जमा होते आणि गाडी मंदावते. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग किंवा नुसते ‘रीजन’ म्हणतात. शहरात हे वरदान आहे. अनेक गाड्यांत एकाच पेडलवर गाडी चालवता येते, ब्रेकला पाय लावावा लागत नाही.

पण नेहमीचा ब्रेक दाबला तर तो चारही चाकांवर लागतो आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांचा असतो. ब्रेक लावताना वजन पुढे झुकते, म्हणून तशी रचना केलेली असते. मागे एकच मोटर असलेल्या गाडीत रीजनची सगळी ओढ मात्र मागच्या दोन चाकांवरच येते, तीही त्यांच्यावरचे वजन कमी होत असताना.

पुन्हा त्याच १,८०० किलोंच्या गाडीचा हिशेब मांडू. पाय पूर्ण काढल्यावर बऱ्यापैकी जोरदार रीजन गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ७ किलोमीटर प्रतितासाने कमी करते. त्यासाठी मागच्या चाकांना ३६० किलोंच्या आसपास ओढ द्यावी लागते. वजन पुढे झुकल्याने मागच्या चाकांवर साडेआठशे-पावणेनऊशे किलो उरतात. म्हणजे ०.४ हून जास्त गुणांकाची पकड हवी. कोरड्या डांबरावर ०.८ सहज मिळते, ओल्यावरही काम भागते. दाबलेल्या बर्फावर हिवाळी टायर लावूनही ०.२ ते ०.३ मिळते आणि गोठलेल्या पाण्याच्या थरावर ०.१ किंवा त्याहून कमी. थोडक्यात, बर्फात पाय झटकन काढणे म्हणजे चालत्या गाडीचा हँडब्रेक ओढण्यासारखेच.

सरळ रस्त्यावर याने फार बिघडत नाही. खरी गडबड वळणावर होते. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी ठरलेली असते. ती वेग कमी करण्यात खर्च झाली की वळण्यासाठी उरत नाही. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. हे घाबरवणारे असले तरी चालकाला कळते आणि वेग कमी झाला की गाडी पुन्हा ऐकते. मागच्या चाकांची पकड सुटली तर मागचा भाग पुढच्या भागाला गाठायला निघतो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. वळणावर समोर बर्फ दिसला, चालक दचकला, त्याने पाय काढला आणि नेमक्या त्याच क्षणी मागची पकड गेली, असा हा क्रम आहे. दचकल्यावर पाय काढणे ही माणसाची स्वाभाविक कृती आहे. इथे तीच नडते.

गाडीचा संगणक हे ओळखतो. मागची चाके रस्त्याच्या वेगापेक्षा हळू फिरू लागली की तो रीजन कमी करतो आणि स्थैर्य राखणारी यंत्रणा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी सावरते. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही यंत्रणा सक्तीची आहे. ती नसती तर मागच्या चाकांवरच्या ई-मोटारी नॉर्वेत इतक्या खपल्याच नसत्या. पण ही यंत्रणा घसरणे सुरू झाल्यावर जागी होते आणि नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही. म्हणून थंड देशांतल्या जाणत्या चालकांचा पहिला नियम साधा आहे. बर्फ लागण्याआधी रीजन सर्वांत खालच्या पातळीवर आणायचे, एका पेडलची सोय बंद करायची, आणि वेग कमी करायचा तो वळणाआधी, सरळ रस्त्यावर, ब्रेक हळू दाबून. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेकचे पेडल चारही चाकांना त्यांच्या ऐपतीप्रमाणे काम वाटून देते. रीजनला ते जमत नाही. मागचा भाग सरकू लागलाच तर पाय एकदम न काढता हलका ठेवायचा आणि जायचे आहे तिकडे बघत स्टिअरिंग वळवायचे. अनेक गाड्यांत ‘स्नो’ मोड असतो. त्यात ॲक्सिलरेटरची धार कमी होते. मात्र रीजनही कमी होते का, हे प्रत्येक कंपनीच्या गाडीत सारखे नाही. त्यासाठी गाडीसोबतची पुस्तिका उघडावी लागते. ती उघडण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही, हा भाग वेगळा.

थंड बॅटरीचा याच्याशी काय संबंध?

रात्रभर उणे तापमानात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी वेगाने वीज स्वीकारू शकत नाही. जबरदस्ती केली तर लिथियम आत शिरण्याऐवजी ऋणाग्रावर धातूच्या रूपात साचते आणि पेशी कायमची खराब होऊ शकते. म्हणून गाडी स्वतःहून रीजन मर्यादित करते किंवा बंदच ठेवते.

परिणाम असा, की सकाळी हॉटेलवरून निघताना पाय काढला तरी गाडी मंदावत नाही. पुढे बॅटरी तापते आणि तोच पाय तेवढाच काढला की गाडी ओढून धरली जाते. एकाच प्रवासात पेडलचा स्वभाव बदलतो. उतारावर रीजनच्या भरवशावर राहणाऱ्यांना पहिला अर्धा तास चकवा देणारा असतो. निघण्याआधी चार्जर लावलेला असतानाच बॅटरी आणि केबिन गरम करून घेणे हा यावरचा उपाय, आणि त्याने रेंजही वाचते. नॉर्वेची वाहनचालक संघटना ‘एनएएफ’ २०२० पासून दर हिवाळ्यात अनेक ई-मोटारी एकाच मार्गावर बॅटरी संपेपर्यंत चालवून बघते. त्यात काही गाड्यांची रेंज जाहीर आकड्यापेक्षा जेमतेम दहा टक्क्यांनी घटते, तर काहींची जवळपास एक तृतीयांश कमी होते.

चारही चाकांची ड्राइव्ह घेतली की सुटलो?

निघण्याच्या आणि चढण्याच्या बाबतीत, हो. ०.२ गुणांकाच्या बर्फावर मागच्या चाकांवरची गाडी जिथे १० मीटरच्या चढावर थकते, तिथे चारही चाकांची ताकद असलेली गाडी जवळपास २० मीटरचा चढ चढते. रीजनही दोन अ‍ॅक्सलमध्ये वाटले जाते. टाटाची ‘हॅरियर ईव्ही’ २०२५ मध्ये दोन्ही प्रकारांत आली. तिच्या ‘क्यूडब्ल्यूडी’ आवृत्तीत दोन मोटर आहेत आणि बर्फासाठी वेगळा मोडही आहे.

थांबण्याच्या बाबतीत मात्र या जादा मोटरचा काही उपयोग नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांवरच असतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर साधारण १२ मीटरमध्ये थांबते. ०.३ गुणांकाच्या बर्फावर तिला ३३ मीटर लागतात, ०.२ वर ४९ आणि निव्वळ बर्फाच्या काचेवर ९८ मीटर. यात चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचण्याचा वेळ धरलेलाच नाही. हे आकडे ड्राइव्ह कुठलीही असो, सारखेच राहतात. उलट फोर-बाय-फोरमध्ये एक छुपी फसवणूक असते. गुळगुळीत टायरवरही ती असा चढ चढून जाते, जो तिला सुरक्षित उतरता येत नाही. मागच्या चाकांवरची गाडी निदान पायथ्याशीच हात टेकते.

नॉर्वेचे चालक काय करतात?

नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के पूर्णपणे विजेवरच्या होत्या. तिथला हिवाळा निभावतो तो टायरच्या शिस्तीवर. हिवाळ्याच्या काळात टायरच्या नक्षीची खोली किमान ३ मिलिमीटर असावी लागते. धातूचे खिळे ठोकलेले टायर ठरावीक महिन्यांतच चालतात आणि ते रस्ता खरवडून धूळ उडवतात म्हणून ओस्लो, बर्गनसारख्या शहरांत त्यासाठी वेगळे शुल्क मोजावे लागते. वाहन परवाना मिळवताना निसरड्या ट्रॅकवर गाडी घसरवून बघण्याचा अभ्यासक्रमही सक्तीचा आहे. गाडी कशी सुटते हे पहिल्यांदा कळते ते प्रशिक्षकाच्या शेजारी बसून, दरीच्या कडेला नव्हे.

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने बंधनकारक आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तेव्हा ते लागतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे पर्वत व हिमकणाचे चिन्ह असलेले टायरच ग्राह्य धरले जातात. असे टायर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खालीही मऊ राहतात आणि त्यांच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. ते चारही चाकांना एकाच प्रकारचे हवेत. फक्त मागे लावले तर गाडी निघेल झोकात, पण वळताना आणि थांबताना पुढची चाके दगा देतील.

मनालीच्या वाटेवर काय लक्षात घ्यावे?

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि पूर्वी हिवाळ्यात तुटणारा लाहौलचा रस्ता पर्यटकांच्या आवाक्यात आला. बोगदा समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर बर्फ पडला, तेव्हा सोलंग ते बोगदा या टप्प्यात सुमारे हजार वाहने अडकली. उतारावर घसरत जाणाऱ्या गाड्यांच्या चित्रफिती त्या दिवसांत देशभर फिरल्या. दुपारच्या उन्हात बर्फ वितळून रस्त्यावर पाण्याचा थर येतो, संध्याकाळी तो गोठतो आणि डांबराच्या रंगात दिसेनासा होतो. शून्याच्या आसपासचा असा ओलसर बर्फ उणे वीस अंशांतल्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. म्हणजे मनालीतली संध्याकाळ उत्तर नॉर्वेतल्या कडाक्याच्या रात्रीपेक्षा टायरसाठी कठीण असू शकते.

आपल्याकडच्या गाड्या हिवाळी टायरवर विकल्या जात नाहीत आणि ते दुकानांत सहज मिळतही नाहीत. म्हणूनच बर्फ पडल्यावर तिथले प्रशासन सोलंगच्या पुढे फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेली वाहनेच सोडते. मागच्या चाकांवरच्या ई-मोटारीला साखळ्या लावायच्या त्या मागच्या चाकांना. मारुती किंवा ह्युंदाईच्या छोट्या गाड्यांची सवय असलेला मदतनीस हमखास पुढची चाके धरतो, तेव्हा त्याला थांबवायला हवे. रुंद टायर आणि चाकामागची अपुरी जागा यांमुळे काही गाड्यांना साखळ्या चालतच नाहीत किंवा ठरावीक जाडीच्याच चालतात. तेही पुस्तिकेत दिलेले असते, आणि ते पुण्यातून निघण्याआधी बघण्याची गोष्ट आहे.

गाडी अडकलीच, तर ई-मोटारीला एक फायदा आहे. पाकिस्तानातल्या मरी इथे जानेवारी २०२२ मध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांत २० हून जास्त जणांचा मृत्यू झाला होता. सायलेन्सर बर्फाखाली गाडला गेला आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये साठू शकतो. ई-मोटारीत तो प्रश्न नाही. उभ्या गाडीत केबिन उबदार ठेवायला साधारण दीड ते दोन किलोवॉट वीज लागते. ६० किलोवॉट-तासांची बॅटरी निम्मी भरलेली असेल तर हीटर पंधरा तासांहून जास्त चालतो. म्हणून सोलंगच्या चढाला लागण्याआधी मनालीतच चार्जिंग करून घ्यावे आणि रीजनची पातळी शून्यावर आणून एखाद्या रिकाम्या, सपाट जागेत दोन-चार वेळा ब्रेक लावून बघावा.